सहाव्या नंबराचा संघ

हंगाम हा शब्द आपल्या घरचा आहे. मृगाच्या आधी बियाण्याची जुळवाजुळव सुरू झाली की खरीप आला आणि दसऱ्याच्या आगेमागे पाभर पुन्हा बाहेर निघाली की रब्बी लागली, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. पण जगात असाही एक हंगाम आहे, ज्याला जमीन लागत नाही, पाऊस लागत नाही आणि बैलही लागत नाहीत. तो दक्षिण कोरियात, सेऊल शहरात चालतो. त्याचेही वर्षात दोन भाग असत, एक वसंताचा आणि एक उन्हाळ्याचा. हा हंगाम आहे संगणकावरच्या खेळाचा.

आता घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील, "पोरांच्या खेळाचे या पानावर काय काम?" काम आहे. आज कोणत्याही गावात संध्याकाळी पारावर जाऊन पाहा. चार पोरे माना खाली घालून मोबाईलवर बोटे नाचवताना दिसतील. जेवायला हाक मारली की "आलो, आलो" म्हणतील आणि भाकरी गार होईपर्यंत येणार नाहीत. त्यांच्यातला निम्म्यांचा आवडता खेळ कोरियातल्याच एका कंपनीचा असतो. २०२० च्या सप्टेंबरात पबजी मोबाईलवर आपल्या सरकारने बंदी घातली. पुढे २०२१ च्या जुलैत क्राफ्टॉन या कोरियन कंपनीने तोच खेळ भारतासाठी नव्या नावाने आणला. २०२२ च्या जुलैत तोही थांबला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. म्हणजे कोरियाचे वारे आपल्या ओसरीपर्यंत येऊन पोचले आहे. मग ज्या देशात हे वारे सुटले, तिथे या खेळाचा हंगाम कसा चालतो, त्यात कोण तरते, कोण बुडते, हे आईबापांनी जाणून घ्यायला नको का?

म्हणून आज २०२२ सालच्या हंगामाची हकीकत सांगतो. खेळ आपल्या ओळखीचा नसला, तरी हकीकत ओळखीची वाटेल.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १९९७ साली कोरियावर मोठे आर्थिक संकट आले. कारखाने बंद पडले, माणसे कामावरून कमी झाली. त्याच सुमाराला तिथे जागोजागी संगणकाच्या खोल्या निघाल्या. त्यांना 'पीसी बांग' म्हणतात. बांग म्हणजे खोली. तासाला थोडे पैसे द्यायचे आणि संगणकावर बसायचे. १९९८ मध्ये स्टारक्राफ्ट नावाचा लढाईचा खेळ आला आणि या खोल्या तरुणांनी भरून गेल्या. सरकारने वेगवान इंटरनेटच्या तारा देशभर टाकल्या. २००० सालापासून तर निव्वळ खेळाचे सामने दाखवणारी टीव्ही वाहिनी निघाली. मोठ्या कंपन्यांनी संघ पदरी बाळगले, जसे पूर्वी आपल्याकडे संस्थानिक पैलवान बाळगीत. पुढे लीग ऑफ लेजंड्स नावाचा नवा खेळ लोकप्रिय झाला आणि २०१२ पासून कोरियात त्याची मोठी स्पर्धा सुरू झाली. तिलाच आज एल.सी.के. म्हणतात.

खेळ असा आहे. दोन बाजू, प्रत्येकी पाच खेळाडू. प्रत्येक बाजूची एक गढी. दोन गढ्यांच्या मधून तीन वाटा जातात, आणि वाटांच्या मधे रान. एक गडी वरची वाट सांभाळतो, एक मधली, दोघे मिळून खालची, आणि पाचवा रानातून फिरत जिथे गरज पडेल तिथे धावून जातो. खालच्या वाटेवरच्या दोघांत एकाने मारा करायचा आणि दुसऱ्याने त्याची पाठराखण करायची. शेवटी समोरची गढी जो पाडेल तो जिंकला. एक डाव अर्धा तास, कधी पाऊण तासही चालतो. एकटा कितीही चपळ असला तरी पाचांचा मेळ नसेल तर डाव जातो. कबड्डीत एक गडी साखळी सोडून भलतीकडे धावला की काय होते, ते तुम्हाला माहीत आहेच.

स्पर्धेत दहा संघ असतात. २०२२ मध्ये वसंताच्या भागात प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, उन्हाळ्याच्या भागात पुन्हा दोनदा. म्हणजे एका भागात अठरा सामने. तीन डावांत दोन जिंकेल त्याचा सामना. हे सारे सेऊलच्या जोंगनो भागातल्या एका बंदिस्त सभागृहात, प्रेक्षकांसमोर होते. २०२५ पासून मात्र हे दोन भाग मोडून एकच सलग हंगाम केला आहे.

संघांचे मालक कोण? टेलिफोन कंपन्या, विमा कंपनी. एका संघाच्या नावाला मोटार कंपनीचे नाव जोडलेले. एक संघ नोंगशिम नावाच्या कंपनीचा, जी पाकिटातल्या नूडल्स विकते. गंमत अशी, की नोंगशिम या शब्दाचा अर्थच 'शेतकऱ्याचे मन' असा आहे! संगणकाच्या झगमगाटातही शेतकऱ्याचे नाव चुकत नाही, ते असे.

खेळाडूंचे जिणे मात्र झगमगाटाचे नाही. ते तालमीतल्या पैलवानासारखे आहे. संघाचे वस्ताद असतात, सरावाचे तास ठरलेले असतात, जेवण ठरलेले असते. दुपारपासून रात्री उशिरापर्यंत सराव, मग झालेल्या डावांची उजळणी, कुणी कुठे चूक केली त्याची चर्चा. फरक एवढाच, की इथे जोरबैठका बोटांच्या आणि डोळ्यांच्या असतात.

आता मूळ हकीकतीकडे वळू.

२०२२ च्या वसंतात टी-वन या संघाने सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावले. अठरा सामने खेळले, अठराही जिंकले. या स्पर्धेच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते. या संघाचा म्होरक्या ली सांग-ह्योक, खेळातले नाव फेकर. हा २०१३ साली, सतराव्या वर्षी मैदानात उतरला आणि त्याच वर्षी जगज्जेता झाला. २०१५ आणि २०१६ साली पुन्हा. कोरियात त्याचे नाव कुस्तीतल्या हिंदकेसरीसारखे घेतात. २ एप्रिलला गोयांग शहरात अंतिम सामना झाला. टी-वनने जेन-जी संघाला तीन-एक असे हरवले. उगवण अशी एकसारखी, की शेतात एक तूट नाही. शिवारातून जाणारा-येणारा थांबून पाहील, असे पीक!

पण आपल्याला ठाऊक आहे, उगवण पाहून पोती मोजायची नसतात.

मेच्या अखेरीस बुसान शहरात देशोदेशींच्या विजेत्यांची स्पर्धा झाली. तिथे अंतिम सामन्यात टी-वन चीनच्या संघाकडून तीन-दोन असा हरला. उन्हाळी भागात जेन-जीने अठरापैकी सतरा सामने जिंकले, आणि २८ ऑगस्टला पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंग गावी अंतिम सामन्यात टी-वनला सरळ तीन-शून्य असे लोळवले. वसंतात अजिंक्य असलेला संघ उन्हाळ्यात दुसरा.

या सगळ्या धामधुमीत सहाव्या नंबराकडे कुणाचे लक्ष नव्हते. तिथे डी.आर.एक्स. नावाचा संघ होता. उन्हाळी भागात अठरापैकी नऊ जिंकले, नऊ हरले. बाद फेरीत शेवटची जागा मिळाली आणि पहिल्याच सामन्यात गाशा गुंडाळला. आपल्याकडे म्हणतात ना, आठ आणे पीक, तसा हा प्रकार. खर्च निघाला, हाती काही उरले नाही.

या संघात सगळ्यात वडील गडी होता किम ह्योक-क्यू. खेळातले नाव डेफ्ट. वय पंचवीस. शेतात पंचवीस म्हणजे कोवळे वय, पण या खेळात पंचविशी म्हणजे उतरती बाजू. बोटांचा वेग कमी होतो, पाठ आणि मनगटे बोलू लागतात. डेफ्टचे पाठीचे दुखणे तर सगळ्यांना माहीत होते. तो आणि फेकर एकाच वयाचे आणि सेऊलच्या एकाच मापो हायस्कुलातले. दोघेही २०१३ साली मैदानात आले. एक तीनदा जगज्जेता झाला. दुसऱ्याने कोरियात आणि चीनमध्ये नाव कमावले, इतर मोठ्या स्पर्धा जिंकल्या, पण जगज्जेतेपद काही हाती लागेना. २०१४ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि तिथे अडला. त्यानंतर २०१५, २०१६, २०१८, २०२० आणि २०२१, अशा पाच वेळा त्याच्या आधीच्या फेरीतून परत आला. चार वेगवेगळ्या संघांकडून खेळला, पण दार तेच, आणि ते उघडत नव्हते.

बाकीचे चौघे असे. पाठराखणीला बेरिल, जो २०२० साली दुसऱ्या संघातून जगज्जेता झालेला. मधल्या वाटेवर झेका, वय एकोणीस. वरच्या वाटेवर किंगेन. रानात प्योसिक. या दोघांना लोक मोठे खेळाडू म्हणत नव्हते.

जागतिक स्पर्धेसाठी कोरियातून चार संघ जाणार होते. दोन थेट ठरले, तिसऱ्याचीही निवड झाली. चौथ्या जागेसाठी निवड सामने झाले. पावसाने ओढ दिल्यावर आपण दुबार पेरणी करतो, तशी ही संधी. बी पुन्हा विकत घ्यायचे, नशीब पुन्हा आजमावायचे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डी.आर.एक्स.ने आधी केटी रोल्स्टर संघाला हरवले, मग लिव्ह सँडबॉक्स संघाला. दोन्ही सामने पाच डावांपर्यंत गेले, दोन्ही तीन-दोन असे सुटले. एक डाव इकडचा तिकडे झाला असता, तर आज ही हकीकत सांगायला काही उरले नसते.

चौथ्या क्रमांकाच्या संघाला थेट प्रवेश नव्हता. त्याला आधी मेक्सिको शहरात चाळणीच्या फेरीतून जावे लागले. चाळणीतून निघाला तो न्यूयॉर्कला मुख्य गटात. तिथला पहिलाच सामना युरोपातल्या संघाकडून हरला. सामन्यानंतर डेफ्टने वार्ताहराशी बोलताना अशा अर्थाचे सांगितले, की आज हरलो खरे, पण आम्ही आपसांत कोसळलो नाही तर पुढे नक्की जिंकू शकतो. त्या मुलाखतीला वार्ताहराने मथळा दिला, "महत्त्वाचे ते न मोडणारे मन." त्या दिवशी तो एक साधा मथळा होता.

पुढे संघ सावरला आणि गटात पहिला आला. उपउपांत्य सामना चीनच्या ई.डी.जी. संघाशी, जो आदल्या वर्षीचा जगज्जेता. तारीख २३ ऑक्टोबर. डेफ्टचा सव्विसावा वाढदिवस. पाच डावांतले तीन जिंकायचे. पहिला डाव गेला. दुसऱ्या डावात मात्र डी.आर.एक्स. समोरच्या गढीपर्यंत पोचला. गढी पडायला काही घाव उरले होते. या खेळात असा नियम आहे, की गढीच्या वाटेवरची चौकी पाडली, तर ती पाच मिनिटांनी पुन्हा उभी राहते, आणि ती उभी राहिली की गढीला हात लावता येत नाही. नेमकी त्याच क्षणी चौकी उभी राहिली. घाव वाया गेले, आणि हातातला डाव निसटला. शून्य-दोन. कापणीला विळा लावावा आणि त्याच दुपारी गारपीट व्हावी, तसे झाले.

अशा वेळी माणसाची खरी परीक्षा असते. पाच जण एका खोलीत बसले असताना एकमेकांच्या चुका काढणे किती सोपे! तू आधी मारायला हवे होतेस, तू मागे का राहिलास, मी सांगत होतो. डी.आर.एक्स.चा संघ उठला आणि तिसरा डाव जिंकला. मग चौथा. मग पाचवा. ज्या दारावर डेफ्ट पाच वेळा अडला होता, ते दार वाढदिवसाच्या दिवशी उघडले.

अटलांटा शहरात उपांत्य सामना झाला. समोर जेन-जी, म्हणजे कोरियातल्या उन्हाळी भागाचा विजेता. अठरापैकी सतरा जिंकणाऱ्या त्या संघाला नऊ जिंकणाऱ्या संघाने तीन-एक असे हरवले.

५ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत अंतिम सामना. समोर टी-वन. एका बाजूला फेकर, दुसऱ्या बाजूला डेफ्ट. एकाच शाळेतले दोन विद्यार्थी, सातासमुद्रापार, दहाव्या वर्षी समोरासमोर. पहिला डाव टी-वनचा, दुसरा डी.आर.एक्स.चा, तिसरा पुन्हा टी-वनचा, चौथा डी.आर.एक्स.चा. पाचवा आणि शेवटचा डाव सहाव्या नंबराच्या संघाने जिंकला. अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला किंगेन. चाळणीच्या फेरीतून आलेल्या कोणत्याही संघाने त्याआधी जगज्जेतेपद मिळवले नव्हते. डेफ्ट रडला. पलीकडे टी-वनचा पाठराखण्या केरिया हाही ओक्साबोक्शी रडत होता. हा केरिया २०२० साली डेफ्टच्याच जोडीला, याच डी.आर.एक्स.मध्ये खेळलेला पोरगा. एकाच मंचावर दोघांच्या डोळ्यांत पाणी होते, एकाचे मिळाल्याचे, एकाचे गेल्याचे.

पुढे महिनाभरात कतारमध्ये फुटबॉलची जागतिक स्पर्धा चालू होती. २ डिसेंबरला कोरियाने पोर्तुगालला हरवून पुढची फेरी गाठली, तेव्हा खेळाडूंनी देशाचा झेंडा फडकवला. त्यावर तोच मथळा लिहिलेला होता, "महत्त्वाचे ते न मोडणारे मन." सहाव्या नंबराच्या पोराचे बोलणे सगळ्या देशाने उचलले होते.

आता कुणी म्हणेल, छान झाली गोष्ट, आमचाही बाळ्या असाच नाव काढील. थांबा. नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

हिशेब साधा आहे. दहा संघ, प्रत्येकी पाच खेळाडू, म्हणजे वरच्या फळीत पन्नास जागा. राखीव आणि दुय्यम फळीतले धरले तरी थोडीच माणसे. कोरियाची लोकसंख्या पाच कोटींच्या वर आहे. त्या पाच कोटींत असा पोरगा विरळा, ज्याने हे खेळ कधी हाताळले नाहीत. त्यातून पन्नास! आणि त्या पन्नासांचीही सुगी किती वर्षांची? सतराव्या-अठराव्या वर्षी सुरू होते, पंचविशीच्या आसपास सरते. त्यानंतर कोरियातल्या तरुणाला लष्करात दीड-एक वर्षाची सक्तीची सेवा करावी लागते. आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले तर त्यातून बरीचशी सूट मिळते. २०२३ साली चीनमध्ये हांगझौ येथे हा खेळ आशियाई स्पर्धेत पदकासाठी खेळला गेला. कोरियाने सुवर्ण मिळवले. आपल्या भारताचाही संघ तिथे होता, तो व्हिएतनामकडून हरला. म्हणजे हा आता पोरखेळ राहिलेला नाही, हे खरे. पण पोट भरण्याचा सोपा मार्गही नाही, हे त्याहून खरे.

पैसा आला की त्याच्याबरोबर कीडही येते. २०१० साली कोरियात स्टारक्राफ्टचे काही नामवंत खेळाडू सट्टेबाजांकडून पैसे घेऊन मुद्दाम हरल्याचे उघडकीस आले. त्यांच्यावर कायमची बंदी आली. ज्यांची चित्रे पोरांनी भिंतीला लावली होती, तीच माणसे तोंड लपवू लागली.

झोपेचे दुखणे तर तिथे घरोघरी होते. २०११ साली कोरियन सरकारने कायदा केला, की सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाईन खेळ खेळता येणार नाहीत. दहा वर्षे तो कायदा चालला. पण तो होता मुख्यतः संगणकासाठी, आणि तोवर पोरांच्या हातात मोबाईल आला होता. शेवटी २०२२ च्या १ जानेवारीपासून कायदा रद्द झाला. आता मुलाने किती वेळ खेळायचे, ते आईबापांनी मुलाशी बोलून ठरवायचे, अशी पद्धत तिथे ठेवली आहे. यातून एक धडा घेण्यासारखा आहे. जे काम घराचे, ते सरकारला जमत नाही. रात्री दहाला मोबाईल फळीवर ठेवायचा, हा नियम दिल्लीहून येणार नाही, तो घरातूनच यायला हवा. आणि तो थोरांनीही पाळायला हवा, नाहीतर पोरगा म्हणेल, "बापू, तुम्ही काय पाहताय?"

दुसरा नियम पैशाचा. खेळ आणि जुगार यांत बांध आहे. तो बांध कोरू देऊ नका. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांना त्याने मनाई केली, आणि स्पर्धेच्या खेळाला, ज्याला ई-स्पोर्ट्स म्हणतात, वेगळी मान्यता दिली. म्हणून घरात स्पष्ट सांगा, खेळ हा खेळ म्हणून खेळ; पण ज्यात आधी पैसे टाकावे लागतात आणि जिंकल्यावर पैसे मिळतील म्हणतात, त्याला हात लावायचा नाही. असे काही आधीच घडले असेल, तर आरडाओरडा न करता पोराला जवळ बसवून विचारा. धाकाने लपवलेले कर्ज व्याजाने वाढते.

तिसरी गोष्ट नियम नव्हे, सूचना. एखाद्या दिवशी पोरालाच म्हणा, "दाखव बघू, हा डाव कसा खेळतात?" त्याच्या शेजारी पंधरा मिनिटे बसा. समजले नाही तरी चालेल. आपण एकटेच या नादात नाही, घरच्यांनाही त्यात काही रस आहे, हे कळले की पोरगा मोबाईल घेऊन कोपऱ्यात जाणार नाही. डोळ्यांपुढे वाढलेले पीक नीट राखता येते, आडरानात वाढलेले नाही.

आणि आता या हकीकतीचा शेवट, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

जिंकलेल्या डी.आर.एक्स.चे पुढे काय झाले? संघ पांगला. बेरिल तेवढा राहिला. डेफ्ट दुसऱ्या संघात गेला, झेका आणि किंगेन तिसऱ्याच संघात, प्योसिक अमेरिकेला. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, खेळाडूची कमाईची वर्षे थोडी असतात. पण ती पाच जणांची वीण पुन्हा जुळली नाही.

आणि हरलेल्या टी-वनचे काय झाले? वसंतात अठरापैकी अठरा जिंकून वर्षभरात तीन मोठे अंतिम सामने हरलेला संघ. मे मध्ये हरला, ऑगस्टमध्ये हरला, नोव्हेंबरमध्ये हरला. एका वर्षात तीनदा खळ्यावरून रिकाम्या हाती परतलेला. लोकांनी बोल लावले असतील, आपसांत बोटे दाखवायला जागाही भरपूर होती. पण ते पाचही जण एकत्र राहिले. २०२३ च्या १९ नोव्हेंबरला सेऊलमध्येच, आपल्या माणसांपुढे, त्याच पाच जणांनी चीनच्या संघाला तीन-शून्य हरवून जगज्जेतेपद मिळवले. २०२४ मध्ये लंडनला त्याच पाचांनी ते राखले. २०२५ मध्ये चीनमधल्या चेंगडू शहरात, पाचांतला एक बदलला तरी, तिसऱ्यांदा सलग मिळवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर ओक्साबोक्शी रडणारा केरिया तिन्ही वेळा होता. आणि फेकर आता सहा वेळचा जगज्जेता आहे.

पाहा, डेफ्टचे ते बोलणे, आपसांत कोसळायचे नाही हे, त्याला तर फळलेच, पण त्याच्यासमोर हरलेल्यांनी ते अधिक काळ पाळले.

आपल्या घरात याहून वेगळे काय असते? पावसाने दगा दिला, भाव पडला, बोंडअळीने कापूस नेला, की पहिला तडा जमिनीला नव्हे, घराला जातो. भाऊ भावाला म्हणतो, तूच ते बियाणे आणलेस. नवरा बायकोवर चिडतो, बाप पोरावर. पोरगा परीक्षेत नापास झाला की घर दोन दिवस जेवत नाही. हंगाम गेला तर पुढच्या वर्षी हंगाम येतो. मृग कुणासाठी थांबत नाही, तसा तो कुणाला वगळतही नाही. पण घराची वीण सुटली, तर आलेल्या मृगावर तिफण धरायला माणसे उरत नाहीत. नुकसानीचा हिशेब जरूर करावा, कुठे चुकले ते वहीत लिहावे, ते खेळाडूही रोज रात्री तेच करतात. हिशेब चुकीचा मांडावा, माणसाचा नव्हे.

तेव्हा यंदा कुणाचे पीक आठ आणे आले असेल, कुणाच्या पोराचा नंबर सहावा आला असेल, तर त्यांनी ही हकीकत रात्री जेवणे झाल्यावर घरात वाचून दाखवावी. आणि मोबाईलवर खेळणाऱ्या पोरालाच वाचायला सांगावे. नावांचे उच्चार तो आपल्यापेक्षा बरोबर करील.